व्हिडिओ पाहून शेअर घेतला. पण विकणारा कोण?

विरार लोकलमध्ये मोबाइलवर 'हा शेअर घ्याच' असे व्हिडिओ पाहणारे कमी नाहीत. जुलै २०२२ मध्ये अदानी समूह 'साधना ब्रॉडकास्ट' कंपनी घेणार, अशी खोटी माहिती यूट्यूबवर फिरली. 'सेबी'च्या २ मार्च २०२३ च्या आदेशानुसार, छोटे भागधारक २,१६७ वरून ५५,३४३ झाले. त्याच गर्दीत आधीच्या काही भागधारकांनी चढ्या भावाने शेअर विकले. उलाढाल कमी असलेल्या शेअरचा भाव असा पटकन उडतो.

टीव्हीही अपवाद नाही. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका वाहिनीच्या सूत्रसंचालकावर बंदी घातली. शिफारशीच्या आदल्या दिवशी कुटुंबीयांच्या खात्यातून खरेदी, शिफारस होताच विक्री, असा आरोप होता.

कंपनी खरोखर विकली जात असेल, तर ते शेअर बाजाराला कळवणे बंधनकारक असते. बीएसईच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येते.