जपानी मोटारगाडीतील मार्गनिर्देशन व मनोरंजन संचाचे इंग्रजीकरण

जपानच्या अंतर्गत बाजारपेठेसाठी तयार झालेली व पुढे जुनी गाडी म्हणून परदेशी पाठविलेली मोटारगाडी इंग्रजी वाचणाऱ्या चालकास नीट वापरता यावी म्हणून तिच्या मधल्या फळीवरील नकाशा, रेडिओ, संगीत व चित्रे यांच्या एकत्रित संचात जे फेरफार करतात, त्यांस संचाचे इंग्रजीकरण म्हणतात. नाव भाषेवरून पडले असले, तरी हे काम केवळ भाषांतराचे नाही. पडद्यावरील अक्षरे व ध्वनिसूचना, त्यांमागील आज्ञावली, नकाशाची सामग्री, ठिकाण शोधण्याची पद्धती आणि रेडिओची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) हे घटक बऱ्याच अंशी परस्परांपासून स्वतंत्र असतात. एक बदलल्याने दुसरा आपोआप बदलत नाही. पडदा इंग्रजीत आला म्हणजे मार्गनिर्देशनही सुरू झाले, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते आणि खरेदीदाराची निराशा बहुधा याच ठिकाणी होते.

पार्श्वभूमी : जपानमध्ये खाजगी मोटारगाडीची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. तपासणीच्या वेळी भरावा लागणारा कर, विमा व दुरुस्ती यांचा खर्च मोठा असल्याने अनेक मालक सुस्थितीतील गाडीही विकून टाकतात. अशा गाड्या लिलावांतून निर्यातदारांकडे जातात. जपानमध्ये वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते व गाडीचे सुकाणू चक्र उजवीकडे असते. न्यूझीलंड, केन्या, टांझानिया, युगांडा, श्रीलंका, बांगला देश, पाकिस्तान इ. देशांत वाहतुकीचा नियम हाच असल्याने तेथे या गाड्या मूळ स्वरूपातच चालविता येतात. मंगोलियात वाहतूक उजव्या बाजूने असूनही त्या मोठ्या संख्येने दिसतात. न्यूझीलंडमध्ये १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयातीवरील निर्बंध शिथिल झाले व जपानी जुन्या गाड्यांचा ओघ सुरू झाला. १९९८ मध्ये मोटारगाड्यांवरील आयात कर रद्द झाला आणि त्याच वर्षी त्या देशातील गाड्यांच्या जुळणीचा उद्योगही संपुष्टात आला. भारतात जुन्या मोटारगाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने हा प्रश्न येथे क्वचितच उद्‌भवतो. शेजारच्या देशांत मात्र तो नित्याचा आहे.

संचाचा विकास : मोटारगाडीतील मार्गनिर्देशनाचा व्यापारी विकास प्रथम जपानमध्येच झाला. होंडा कंपनीने १९८१ मध्ये वायूच्या झोतावर चालणाऱ्या घूर्णीच्या (दिशेतील बदल ओळखणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने गाडीचे स्थान दाखविणारा संच बाजारात आणला. त्यात नकाशे पारदर्शक पटलांवर छापलेले असत व पडद्यासमोर हाताने सरकवावे लागत. टोयोटाने १९८७ मध्ये क्राउन या गाडीत चकतीवर साठविलेला नकाशा वापरला, तर १९९० मध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मो या गाडीत उपग्रहांच्या संदेशांवरून स्थान काढणारी जीपीएस यंत्रणा आली. पुढे नकाशाची सामग्री डीव्हीडी, हार्ड डिस्क व मेमरी कार्ड यांवर साठविली जाऊ लागली. एप्रिल १९९६ पासून जपानमध्ये रस्त्यावरील गर्दी व अडथळे यांची माहिती एफएम प्रक्षेपणातून आणि रस्त्याकडेच्या संकेतकेंद्रांतून थेट गाडीत पुरविली जाऊ लागली. २००१ मध्ये पथकराच्या बिनथांबा वसुलीची इलेक्ट्रॉनीय पद्धती देशभर सुरू झाली. अशा रीतीने हा संच जपानचे रस्ते, प्रक्षेपण व पथकर यांच्याशी जखडला गेला. देशाबाहेर पाठविण्याचा विचार त्याच्या रचनेत नव्हता, म्हणून अनेक संचांत भाषा निवडण्याची सोयच ठेवलेली नसते.

अक्षरे व आज्ञावली : जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या दोन अवयवलिप्या आणि चिनी मूळ असलेली कांजी चिन्हे एकत्र वापरतात. संगणकीय वापरासाठीच्या प्रमुख जपानी मानकात ६,३५५ कांजी चिन्हे समाविष्ट आहेत. एकेका चिन्हात पूर्ण शब्दाचा अर्थ मावत असल्याने पडद्यावरील कळीला दोन-तीन चिन्हांची जागा पुरते. त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द त्या चौकटीत बसत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी ही चिन्हे मजकूर म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून साठविलेली असतात. यामुळे इंग्रजीकरण करणाऱ्यास शब्दांच्या यादीबरोबर चित्रे व मांडणीही बदलावी लागते.

एकाच निर्मात्याने यूरोप, ऑस्ट्रेलिया वा अन्य बाजारपेठांसाठी तोच किंवा अगदी जवळचा संच इंग्रजीत काढला असेल, तर त्याची आज्ञावली जपानी संचात भरणे कधीकधी शक्य होते. मात्र दोन्ही संचांचे नमुना क्रमांक, अंतर्गत मंडले व आवृत्ती जुळणे आवश्यक असते. आज्ञावली भरत असताना विद्युत् पुरवठा खंडित झाला किंवा चुकीची आवृत्ती भरली, तर संच कायमचा निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून कुशल कारागीर प्रथम मूळ स्मृतीची प्रत काढून ठेवतो आणि काम चालू असताना विद्युत् घटमालेस बाहेरून पुरवठा जोडतो. परवान्याशिवाय उतरविलेल्या आज्ञावली व नकाशे यांच्या बाबतीत स्वामित्व हक्काचा भंग होण्याचाही प्रश्न असतो.

काही संचांत चोरीस प्रतिबंध म्हणून सांकेतिक कुलूप ठेवलेले असते. घटमाला काढल्यास किंवा मूळ नकाशाची चकती वा मेमरी कार्ड हरवल्यास असा संच जपानी भाषेत सांकेतिक क्रमांक अथवा योग्य कार्ड मागतो व तोपर्यंत रेडिओसुद्धा चालू होत नाही. घटमाला बदलण्यासारख्या साध्या कामानंतर संच मुका झाल्याची तक्रार आयातदार देशांत वारंवार ऐकू येते. मूळ कार्ड जपानच्या नकाशाचे व म्हणून निरुपयोगी आहे असे समजून टाकून देणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

नकाशा व ठिकाणशोध : संच गाडीचे स्थान तीन प्रकारच्या माहितीवरून ठरवितो : उपग्रहांचे संदेश, चाकांच्या फेऱ्यांवरून मिळणारे वेगाचे स्पंद आणि घूर्णीने मोजलेली दिशा. येणारे स्थान तो नकाशावरील सर्वांत संभाव्य रस्त्याशी जुळवितो. उपग्रहांचे संदेश जगभर मिळतात; परंतु साठविलेला नकाशा केवळ जपानचा असल्यामुळे अन्य देशात जुळविण्यास रस्ताच उरत नाही. पडद्यावरील सर्व शब्द इंग्रजीत केले, तरी ही उणीव भरून निघत नाही.

नकाशा बदलणेही सोपे नसते. त्याची साठवण प्रत्येक निर्मात्याच्या खास स्वरूपात असते व त्या स्वरूपात संबंधित देशाचा नकाशा कोणी तयार केलेला असेलच असे नाही. जुन्या संचांत भूमापनाच्या आधाराचाही फरक आढळतो. जपानने १ एप्रिल २००२ रोजी जागतिक भूमापन पद्धती स्वीकारली. तोवर तेथील नकाशे टोकिओ आधारावर होते. या दोन पद्धतींत टोकिओजवळ सुमारे ४५० मी. अंतर पडते. शहरातील रस्त्यांच्या दृष्टीने एवढा फरक म्हणजे निराळीच वस्ती होय.

ठिकाण शोधण्याची पद्धतीही वेगळी आहे. जपानमध्ये बहुसंख्य रस्त्यांना नावे नसतात. पत्ता हा विभाग, गट व इमारत यांच्या क्रमांकांनी सांगतात. म्हणून जपानी संचात इच्छित ठिकाण बहुधा दूरध्वनी क्रमांक किंवा मॅपकोड नावाचा अंकसंकेत दाबून शोधतात. रस्त्याचे नाव व घर क्रमांक यांवरून शोध घेणाऱ्या देशात हे दोन्ही मार्ग निरुपयोगी ठरतात.

रेडिओ व दूरचित्रवाणी : जपानमध्ये एफएम प्रक्षेपणासाठी ७६ ते ९० मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा राखलेला होता, २०१४ पासून तो ९५ मेगॅहर्ट्‌झपर्यंत वापरात आला. ९० ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता पूर्वी तेथील दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्यांकडे होत्या. जगातील बहुतेक देशांत मात्र एफएमचा पट्टा ८७·५ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ असा आहे. परिणामी जपानी रेडिओवर परदेशातील पट्ट्याचा केवळ खालचा लहानसा भाग ऐकू येतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे आकाशक व रेडिओ यांच्यामध्ये पट्टाविस्तारक नावाची लहान पेटी बसविणे. तिच्यातील आंदोलक एक ठराविक कंप्रता निर्माण करतो व मिश्रक ती आलेल्या कंप्रतेतून वजा करतो. आंदोलकाची कंप्रता १४ मेगॅहर्ट्‌झ असल्यास १०१·४ मेगॅहर्ट्‌झवरील केंद्र रेडिओच्या ८७·४ या आकड्यावर लागते. ही पेटी पट्टा रुंद करीत नाही, तर केवळ सरकविते. नाव विस्तारक असले, तरी एका वेळी मूळ रेडिओच्या पट्ट्याएवढीच केंद्रे हाती येतात. म्हणून स्थानिक केंद्रांच्या कंप्रता पाहून पेटीची निवड करावी लागते. पडद्यावरील आकडा खरा नसतो. तसेच जवळचे शक्तिमान केंद्र न सरकता थेट आत शिरल्यास दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळतात. पेटीस विद्युत् पुरवठा मिळाला नाही, तर सर्व केंद्रे क्षीण होतात.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत असा सोपा उपाय नाही. जपानने अंकीय प्रक्षेपणासाठी स्वतःची पद्धती विकसित केली. ब्राझील व फिलिपीन्ससारख्या काही देशांनी तीवर आधारलेली पद्धती घेतली असली, तरी यूरोपीय पद्धती वापरणाऱ्या न्यूझीलंड, केन्या इ. देशांत जपानी ग्राही निरुपयोगी असतो. चित्रपटांच्या डीव्हीडीलाही विभागांचे बंधन असते : जपान दुसऱ्या, न्यूझीलंड चौथ्या, तर भारत पाचव्या विभागात मोडतो.

संच बदलणे : मूळ संच काढून इंग्रजी संच बसविणे हा अधिक खर्चाचा, पण पुष्कळदा निर्वेध मार्ग होय. मानक संचाची दर्शनी रुंदी १८० मिमी. व उंची ५० किंवा १०० मिमी. असते, टोयोटाच्या अनेक गाड्यांत ती जागा २०० मिमी. रुंद असल्याने बाजूची फट झाकणारी चौकट लागते. जोडतारांसाठी गाडीच्या नमुन्याप्रमाणे अनुयोजक घ्यावा लागतो. सुकाणू चक्रावरील कळा, ध्वनिवर्धक व मागील कॅमेरा यांच्या जोडण्या स्वतंत्रपणे पहाव्या लागतात. काही मूळ कॅमेऱ्यांना सुमारे ६ व्होल्टचाच पुरवठा चालतो. त्यांस १२ व्होल्ट दिल्यास ते जळतात. ज्या गाड्यांत वातानुकूलन, संकरित यंत्रणेची माहिती किंवा घटमाला भारित करण्याची वेळ याच पडद्यावरून ठरविली जाते, त्यांत संच काढल्याने या सोयी गमावण्याची शक्यता असते. जपानमधून न्यूझीलंडमध्ये आलेल्या निसान लीफसारख्या विद्युत् मोटारगाड्यांच्या बाबतीत म्हणून मूळ संच राखून त्याचीच भाषा बदलण्याकडे कल दिसतो.

दूरध्वनीचा उपयोग : अ‍ॅपल व गूगल यांनी २०१४ मध्ये स्मार्ट दूरध्वनीचा पडदा गाडीच्या संचावर दाखविणाऱ्या प्रणाली जाहीर केल्या. ज्या जपानी संचांत ही सोय आहे, तेथे नकाशा, भाषा व ठिकाणशोध ही तिन्ही दूरध्वनीकडूनच येतात आणि मूळ संच केवळ पडदा व ध्वनिवर्धक म्हणून काम करतो. इंग्रजीकरणाचा मोठा भाग यामुळे अनावश्यक झाला आहे. जुन्या संचांसाठी दूरध्वनीच्या कॅमेऱ्यातून जपानी अक्षरांचे तत्काळ भाषांतर दाखविण्याची गूगलची सोय जानेवारी २०१७ पासून उपलब्ध आहे. कळ्यांचे अर्थ एकदा लिहून ठेवण्यास ती पुरेशी असते. गाडी चालविताना मात्र तिचा उपयोग करता येत नाही.

सुरक्षितता : गाडीतील तेल, ब्रेक, इंजिन यांच्या सूचना बव्हंशी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेल्या चित्रचिन्हांनी दिल्या जातात, त्या कोणत्याही भाषेच्या चालकास कळतात. परंतु अलीकडील गाड्यांत मार्गिका सोडल्याची, समोरील अडथळ्याची वा स्वयंचलित ब्रेक बंद पडल्याची सूचना वाक्यरूपाने अथवा आवाजात दिली जाते. सुकाणू चक्रामागील दर्शक फलक हा मधल्या संचाहून वेगळा घटक असल्याने संचाचे इंग्रजीकरण झाल्यावरही तेथील सूचना जपानीतच राहू शकतात. पथकर यंत्राचा आवाजही निराळ्या पेटीतून येतो. गाडी सुरू करताच कार्ड घातलेले नाही अशी सूचना ते जपानीत देते. ती निरुपद्रवी आहे हे एकदा कळल्यावर चालक पुढे सर्वच जपानी सूचनांकडे दुर्लक्ष करू लागतो व त्यात एखादी खरी धोक्याची सूचनाही निसटते.

दुसरा धोका कारागिराच्या हातून निर्माण होतो. गाडी चालू असताना चित्रपट दिसू नये म्हणून संचास हँडब्रेकची तार जोडलेली असते. सोय म्हणून ती तार गाडीच्या सांगाड्याला कायमची जोडून टाकली, तर संचास गाडी नेहमी उभीच आहे असे वाटते आणि चालकाचे लक्ष विचलित होऊ नये यासाठी केलेली योजना निष्फळ ठरते.

यास्तव गाडी खरेदी करण्यापूर्वीच संचाचा नमुना क्रमांक टिपून घेणे, त्यातील भाषा, नकाशा व रेडिओ यांपैकी नेमके काय बदलता येईल याची स्वतंत्रपणे खातरजमा करणे, मूळ चकती वा कार्ड जपून ठेवणे आणि दर्शक फलकावर येणाऱ्या सूचनांचे भाषांतर गाडीतच ठेवणे इष्ट असते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचेच महत्त्व सर्वाधिक आहे.