दगडातला धूर

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे आणि चुनखडीही. म्हणूनच तिथे औष्णिक वीजकेंद्र आलं, तसे सिमेंटचे कारखानेही आले. कर्बवायूचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट वीजकेंद्राच्या चिमणीकडे जातं. सिमेंटची भट्टी त्यातून सहज सुटते; आणि जास्त अवघड गाठ तिथेच आहे.

वीज उन्हावरही तयार होते. चुनखडीला असा पर्याय नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुनकळी हाती येते, बाकीचे ४४ किलो कर्बवायू होऊन उडून जातात. भट्टी उद्या सौरऊर्जेवर पेटवली तरी हे ४४ किलो सुटणारच, दगडातच बसलेत ते. सिमेंट उद्योगाच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा याच वायूचा. (जुन्या वाड्यांतला चुना हवेतला कर्बवायू परत शोषूनच घट्ट व्हायचा. काँक्रीटही शोषतं, पण फार सावकाश.)

बरं, सिमेंट वापरू नका असं सांगायचं कुणाला? पत्र्याखाली उकडणाऱ्या कुटुंबाला? सिमेंट उत्पादनात आपण चीनच्या खालोखाल आहोत, तरी घरं, पूल, शाळा अजून बांधायच्याच आहेत. २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द भारताने २०२१मध्ये ग्लासगोत दिला, तो हे सगळं बांधत असतानाच पाळायचा आहे.

भट्टीतून निघालेल्या क्लिंकरमध्ये दुसरं काही मिसळलं, तर तेवढा दगड भाजायचा वाचतो. आपल्याकडे वीजकेंद्रातली राख मिसळतात. पीपीसी लिहिलेलं पोतं बहुतेकदा तेच. गंमत बघा, कोळशाची केंद्रं कमी होत गेली की ही राखही आटणार! म्हणून स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या आयआयटींतले संशोधक मातीकडे वळले. केओलिन असलेली माती ७०० ते ८५० अंशांवर भाजायची (क्लिंकरला सुमारे १४५० अंश लागतात) आणि सोबत कच्ची चुनखडी दळायची. या ‘एलसी३’ सिमेंटमध्ये क्लिंकर निम्माच लागतो, उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतं. २०२३मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही काढलं.

बांधकामावर मात्र हिशेब वेगळा चालतो. राखमिश्रित सिमेंट ताकद सावकाश धरतं. साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान ७ दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटच्या स्लॅबला १०. म्हणून घाई असली की गवंडी ५३ ग्रेडचं ओपीसी, म्हणजे साधं सिमेंटच मागतो. तीन दिवसांचं जादा पाणी, त्यात सेंट्रिंगचं भाडं चढतंय, आणि मालक विचारतोय, फळ्या कधी काढणार?