कोटनीसांच्या घराचा उंबरठा
('डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटाचा शेवट)

व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९४६ साली निघाला. तो पाहून झाला की आमच्या पाळीतील घरी एक वाद हटकून रंगतो. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटनीस युद्धग्रस्त चीनमध्ये मृत्युशय्येवर आहेत. आपल्या घरी तिचे स्वागत कसे होईल, हे ते आपल्या चिनी पत्नीस, चिंगलानला, सांगू लागतात. आणि तो आवाज ऐकू येत असतानाच पडद्यावर ती त्या घराकडे येताना दिसते. हे खरोखर घडते, की जाणाऱ्या जिवाचा तो भास?

आमच्या मते ती चित्रे भासाची नव्हेत. पतीच्या निधनानंतरचा तिचा प्रवासच दिग्दर्शकाने दाखविला आहे. मात्र शब्द मृत्यूपूर्वीचे आणि दृश्य मृत्यूनंतरचे, असा हा जोड आहे. आपल्याकडे नवी सून उंबरठ्यावरचे माप लवंडून घरात येते तेव्हा पती तिच्या शेजारी असतो. येथे शेजारी आहे तो केवळ आवाज. म्हणूनच स्वागत जितके गोड, तितके ते काळजाला अधिक झोंबते. रणांगणावरील प्रेतांच्या राशी दाखवूनही युद्धाने काय हिरावले हे इतके कळले नसते. (संगीतकार वसंत देसाई हे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातील, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

वास्तव थोडे निराळे आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी कोटनीस तेवढे परतले नाहीत. ते तेथे असतानाच इकडे त्यांचे वडील वारले. तरीही त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा सोडली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. मुलगा यिनहुआ तेव्हा काही महिन्यांचा होता. क्वो चिंगलान पुढे चीनमध्येच राहिल्या. मग चित्रपटाने खोटे सांगितले काय? तसे आम्हांस वाटत नाही. महायुद्ध १९४५ साली संपले होते. ज्यांची माणसे परतली नव्हती अशी असंख्य घरे तेव्हा जगभर होती, आणि त्या घरांचे दार दाखविल्यावाचून ही कथा अर्धीच राहिली असती.

चिंगलानबाई पुढील आयुष्यात अनेकदा भारतात आल्या आणि कोटनीस कुटुंबीयांस भेटल्या. २०१२ साली त्या निवर्तल्या. यिनहुआ मात्र १९६७ सालीच, ऐन तारुण्यात, गेला होता.