‘रक्त कमी’ म्हणजे नेमके काय कमी?

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील लांजी तहसील महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असून, धान पिकवणाऱ्या या सीमाभागात गरोदर स्त्रीला ‘रक्त कमी आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे लोहाची उणीव, फोलिक आम्लाची उणीव किंवा सिकलसेल यांपैकी एक वा अनेक कारणे असू शकतात. गरोदरपणात रक्तातील द्रवभाग सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे रक्त थोडे पातळ होणे स्वाभाविक असते. तथापि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन 100 मिलिलिटर रक्तात 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास सर्वसाधारणपणे रक्तक्षय आणि 7 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

संपूर्ण गरोदरपणात सुमारे एक ग्रॅम लोह लागते. पॉलिश केलेल्या तांदळात ते फारच थोडे असते, पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते आणि जेवणाबरोबरचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो. लिंबू वा आवळा मात्र शोषणाला मदत करतो. म्हणून 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी गरोदरपणात 180 दिवस दिली जाते. मळमळ आणि काळी शौच यांना घाबरून ती अर्ध्यावर सोडली जाते. वाटलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवणे सोपे, गिळलेल्यांचा अवघड.

या गोळीतील फोलिक आम्लाच्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे. 1928 नंतर इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांनी तेथील गरीब गरोदर स्त्रियांमधील मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा रक्तक्षय अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

सिकलसेलची गोष्ट निराळी. या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून लवकर फुटतात, आणि मध्य प्रदेश व विदर्भातील आदिवासी तसेच अन्य काही समाजांत तो आढळतो. वाहक स्त्रीला एरवी त्रास नसतो, पण पतीही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, त्यामुळे पतीची चाचणीही आवश्यक ठरते. आजार असलेल्या स्त्रीला लोहाची उणीव तपासल्याशिवाय लोह देत राहणे योग्य नसते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी असल्याने बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे कधी दुसऱ्या राज्यात, जाणाऱ्या स्त्रीबरोबर सिकलसेल चाचणीचा कागदही जायला हवा.