पाळीव भूचर संन्यासी खेकड्यांचे कात टाकणे आणि संगोपन : एक विवेचन

प्रस्तावना :
इंग्रजीत 'हर्मिट क्रॅब' या नावाने ओळखला जाणारा संन्यासी खेकडा हा दशपाद गणातील प्राणी होय. त्याचे उदर मऊ असल्याने तो गोगलगायींच्या रिकाम्या शंखात आश्रय घेतो. कॅरिबियन बेटे व दक्षिण फ्लोरिडा येथे आढळणारी 'सीनोबायटा क्लिपिएटस' ही भूचर जाती अमेरिकेत हौसेने पाळली जाते. हा खेकडा अधूनमधून कित्येक आठवडे स्वतःला वाळूत गाडून घेतो. तो मेला असावा या समजुतीने पाळक त्यास उकरून काढतो आणि प्रसंगी या उकरण्यामुळेच त्याचा मृत्यू ओढवतो. या अवस्थेचे स्वरूप व तीत घ्यावयाची काळजी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कात टाकण्याची प्रक्रिया :
कायटिनचे बाह्यकंकाल शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून वाढीसाठी ते टाकून द्यावे लागते. नेत्रवृंतात तयार होणारे एक संप्रेरक ही क्रिया रोखून धरते. त्याचा प्रभाव ओसरला की एक्डिसोन वर्गातील संप्रेरके वाढतात आणि जुन्या आवरणाखाली नवे मऊ आवरण तयार होऊ लागते. खेकडा शरीरात पाणी साठवतो, फुगतो व जुने आवरण फोडून बाहेर येतो. तुटलेले पायही याच वेळी पुन्हा उगवतात. नंतर तो आपली कात स्वतःच खातो; कारण नवे आवरण कठीण होण्यास लागणारे कॅल्शियम त्यास तीतून मिळते.

या काळात त्याचे शरीर अत्यंत मऊ असते व अन्य खेकडेही त्यास खाऊ शकतात. ओलसर वाळूतील बीळ त्यास संरक्षण व आर्द्रता दोन्ही पुरवते. लहान खेकड्यास दोन ते चार आठवडे, तर मोठ्यास दोन महिने किंवा अधिक काळ लागू शकतो.

संगोपनातील आवश्यक बाबी :
(१) वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे साधारण ५:१ प्रमाणातील मिश्रण वापरावे. त्याचा थर किमान १५ सेंटिमीटर व सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट असावा. बीळ टिकेल इतकाच ओलावा ठेवावा. तळाशी पाणी साचू देऊ नये.
(२) हा खेकडा रूपांतरित कल्ल्यांनी श्वसन करतो व कल्ले कोरडे पडल्यास गुदमरतो. म्हणून जाळीच्या पिंजऱ्याऐवजी झाकण असलेली काचेची टाकी वापरून आर्द्रता सुमारे ८० टक्के व तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस राखावे.
(३) क्लोरीनविरहित गोडे व खारे पाणी स्वतंत्र भांड्यांत द्यावे. आहारात कॅल्शियम असावे आणि थोडे मोठे, न रंगवलेले रिकामे शंख जवळ ठेवावेत.
(४) खेकडा पृष्ठभागावरच कात टाकू लागल्यास त्यास न हलवता आडोसा करून इतरांपासून अलग करावे. त्याची कात उचलून घेऊ नये.

मृत की जिवंत? :
शंखाबाहेर पडलेले निश्चल 'शरीर' पुष्कळदा केवळ कात असते; ती पोकळ व वजनाने हलकी असते. मृत खेकड्यास मात्र कुजक्या मासळीसारखी तीव्र दुर्गंधी येते. अशी दुर्गंधी नसेल तर प्रतीक्षा करणे हेच योग्य होय.

निष्कर्ष :
या जातीच्या अळ्या समुद्रात वाढतात. बंदिवासात त्यांची पैदास अत्यंत कठीण असल्याने विक्रीस येणारे खेकडे प्रायः निसर्गातून पकडलेले असतात. अनुकूल परिस्थितीत ३० वर्षांहून अधिक जगू शकणारा हा प्राणी अज्ञानापोटी काही महिन्यांत दगावणे म्हणजे निसर्गाचीही हानी होय. प्राणी पाळणे म्हणजे त्यास सतत हाताळणे नव्हे. गाडून घेतलेल्या खेकड्याच्या बाबतीत तर योग्य थर, ओलावा व उष्णता यांची आधी सिद्धता करणे आणि नंतर हस्तक्षेप न करणे हीच खरी निगा ठरते.