नाद आणि नगर (लेखांक ९) : न थकणारा ठोका

हलगी आणि घुमके यांचा विचार करताना मागील लेखांकात मी असे म्हटले होते की, वादकाच्या मनगटाला येणारा शीण हाच चर्मवाद्यांच्या कालमर्यादेचा खरा नियंता असतो; माणूस थकतो म्हणून वाद्य थांबते, आणि वाद्य थांबते म्हणून गाव झोपू शकते. हा विचार ज्या रात्री माझ्या मनात प्रथम उमटला ती बेळगावच्या गतवर्षीच्या अनंत चतुर्दशीची रात्र होती. निपाणीहून सायंकाळच्या गाडीने मी मुद्दाम त्या मिरवणुकीसाठी गेलो होतो. बरोबर माझा पुतण्या, जो बेळगावासच अभियांत्रिकी शिकतो आणि ज्याने ‘काका, एकदा डॉल्बीपुढं उभं ऱ्हाऊन बघा, मग लिवा काय लिवायचं ते’ असा आग्रह महिनाभर धरला होता.

‘डॉल्बी’ या शब्दाची व्युत्पत्ती प्रथम सांगितली पाहिजे, कारण कोल्हापूरपासून धारवाडच्या वाटेपर्यंत हा शब्द आज सामान्यनाम झाला आहे. रे डॉल्बी या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली ती ध्वनिमुद्रणातील नकोशी खरखर कमी करण्यासाठी. पुढे चित्रपटगृहांच्या पाट्यांवर हे नाव झळकू लागले, भारी आवाजाशी त्याची सांगड बसली, आणि आमच्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला तेच नाव चिकटले. खाली ‘बेस’च्या पेट्या, वर ‘टॉप’, मागे जनरेटर, आणि या सर्वांच्या मध्ये लॅपटॉपसमोर बसलेला, बहुधा विशी न ओलांडलेला, ऑपरेटर: हा त्या रथाचा सरंजाम.

बेळगावच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ लोकमान्य टिळकांच्या हस्ते १९०५ साली झेंडा चौकात झाला, ही गोष्ट प्रत्येक बेळगावकर अभिमानाने सांगतो. विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, पुढे धर्मवीर संभाजी चौक, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक अशी वळणे घेत कपिलेश्वराच्या तलावाशी पोहोचेपर्यंत रात्र सरून दुसरा दिवस चांगला वर आलेला असतो. झांजपथके, लेझीम आणि ढोल-ताशे यांचीही त्या मिरवणुकीत हजेरी असते, आणि आम्ही गेलो तेव्हा एक झांजपथक रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडाशी रंगात आले होते. त्यांच्या मागोमाग मात्र जे येत होते ते दिसण्यापूर्वी मला कळले ते पायांच्या तळव्यांतून.

‘ह्यो आवाज कानानं न्हाई ऐकायचा काका, छातीनं घ्यायचा,’ पुतण्या ओरडून म्हणाला. त्याच्या या वाक्यात पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र दोन्ही आहेत. सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्जाच्या लहरीची लांबी हवेत सुमारे ७ मीटर भरते, म्हणजे जवळजवळ जुन्या गल्लीच्या रुंदीइतकी. अशा लहरीला लाकडी झडप, कौल किंवा विटेची भिंत हा फारसा अडसर नसतो, आणि समोरासमोरच्या घरांमध्ये ती कोंडली गेली की आपटून आपटून अधिकच दाट होते. माणसाच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रियही अशा प्रबळ खर्जाने चाळवले जाते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे: प्रत्यक्ष मैफलीत त्यांनी अतिखर्जाचे ध्वनिक्षेपक आलटून पालटून चालू आणि बंद ठेवले, तो खर्ज इतका खालचा होता की तो केव्हा चालू आहे हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हते, तरीही तो चालू असताना ते सरासरी ११.८ टक्के अधिक हलत होते. आपण नाचायचे ठरवतो आणि मग नाचतो, ही आपली समजूत त्या प्रयोगापुढे डळमळते.

त्या मैफलीतील संगीत टेक्नो या जातीचे होते, आणि त्याच कुळातील सर्वांत उग्र शाखेला पाश्चात्त्य तरुण ‘हार्डकोर’ म्हणतात. १९९० च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये तिची बीजे पडली आणि हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात, गोदीकामगारांच्या वस्त्यांतील पोरांत, ती फोफावली. जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८३ च्या तालयंत्रातील ढोलाचा ठोका घ्यायचा, तो ध्वनियंत्रणेच्या कुवतीपलीकडे ताणून मुद्दाम फोडायचा, आणि मिनिटाला १६० पासून २०० पर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेगाने तो रात्रभर चालवायचा, ही तिची रीत. निरोगी माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेगाचा अर्थ समजेल. तेथील नर्तकांना ‘गॅबर’ म्हणतात. हा शब्द ज्यूंच्या भाषेतून हॉलंडच्या बोलीत आला आणि त्याचा अर्थ सोबती, दोस्त असा आहे. उग्रतेच्या या पंथाने स्वतःला मैत्रीचे नाव घ्यावे, याचे मला नवल वाटले नाही. रामलिंगखिंड गल्लीत माझ्यापुढे घामाने निथळत असलेली पोरे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकूनच नाचत होती. त्यांच्या अंगावरील मंडळांच्या बनियनांवर काही ठिकाणी मराठी होते, काही ठिकाणी कानडी, आणि ज्या सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चालवला आहे, ज्या शहरात दुकानाच्या पाटीवरूनही डोकी भडकतात, तेथे गाणे मराठीतून कानडीत गेले तेव्हा पावलांत क्षणाचाही खंड पडला नाही. मी घड्याळ हातात धरून ठोके मोजले. मिनिटाला १३० च्या आसपास भरले, म्हणजे रॉटरडॅमच्या मानाने बेताचेच. हे दृश्य मला मनापासून आवडले, हे मी येथे नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते तरुणांच्या नाचाविरुद्ध आहे असा कोणाचा समज होऊ नये.

चोर्ला घाट उतरला की गोवा. हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांच्या रात्री-रात्रींच्या नाचांतून नव्वदीच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ नावाचा संगीतप्रकार जगभर गेला, तो आमच्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर. तेव्हा हे वेड दूरच्या मुलुखातून आले असे म्हणण्याची सोय आम्हांला नाही.

भेद आहे तो अन्यत्र. रॉटरडॅमचा तरुण तिकीट काढून बंद सभागृहात त्या ठोक्याकडे जातो. बेळगावात ठोका स्वतः दारात येतो. पहाटे अडीचच्या सुमारास आम्ही ज्या परिचितांच्या ओसरीवर टेकलो होतो तेथे फळीवरची भांडी वाजत होती, आणि घरातील सत्तरीच्या आजी, बेळगावच्या बायकांच्या रीतीप्रमाणे पुल्लिंगी क्रियापदात म्हणाल्या, ‘मी काय झोपतो बाबा आता! गणपती वर्षातून एकदा येतोय, त्याला काय बोलायचं? पण छातीत धडधडतंय बघ.’ तक्रार त्यांनी एवढीच केली. त्यांच्या मांडीवर चार महिन्यांचे नातवंड होते आणि दर ठोक्यासरशी ते दचकत होते.

कायदा या आजींच्या बाजूचा आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई, आणि उत्सवांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम उचलून धरले. इंग्लंडने १९९४ साली उघड्यावरच्या रेव्ह मेळाव्यांविरुद्ध कायदा केला तेव्हा एकामागून एक पडणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचा उल्लेख कायद्याच्या कलमातच घालावा लागला. कोणत्या नादाला बंदी, हे सरकारी दप्तराच्या भाषेत सांगण्याचा तो विलक्षण प्रयत्न होय. आमच्याकडे परवाना असतो, बंदोबस्त असतो, फौजदारसाहेब चौकात उभे असतात. पण हजारोंचा जमाव नाचत असता यंत्राची कळ दाबणे किती जोखमीचे, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते, आणि सारा दोष त्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

रात्रभरात पुढचे झांजपथक तीनदा थांबले. पोरांनी मनगटे चोळली, पाणी प्याले, जागा बदलली, कोणी कोणाच्या गळ्यातली झांज आपल्या गळ्यात घेतली. त्या विरामांत गल्लीला श्वास मिळाला, आणि पुन्हा टिपेला जाताना त्यांच्या वादनात जो नवा जीव आला तो त्या विश्रांतीतूनच आला होता. डॉल्बी थांबला तो एकदाच, जनरेटरमधले डिझेल संपले तेव्हा.

अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक असा की, ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत सोसता येतो; पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरते. भिंतीसमोर नाचणारी पोरे त्या मुदतीच्या कितीतरी पलीकडे उभी असतात. अंतर्कर्णाच्या शंखाकृती पोकळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात आणि माणसात एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणून ऐकू कमी येते हे वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही, केवळ गर्दीत समोरच्याचे शब्द अस्पष्ट होऊ लागतात.

कपिलेश्वराच्या तलावाशी आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते. मूर्ती पाण्यात गेली, आरती झाली, पेट्यांवर ताडपत्री चढली. पुतण्या दगडी पायरीवर बसून डोके कलते करून, अंघोळीचे पाणी कानातून काढावे तसे, तळव्याने कान थोपटत होता. ‘भाईरचं बंद झालं काका,’ तो म्हणाला, ‘पण आत चालूच हाय.’ माझ्याही कानांत तो बारीक स्वर तीन दिवस राहिला. तो कोठून येतो आणि काहींच्या कानांतून कधीच का जात नाही, हे पुढील लेखांकात पाहू.