सौर वादळ आणि वीजपुरवठा : पूर्वसूचनेपासून पूर्वतयारीपर्यंत

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील तांबूस प्रभा टिपली. एरवी ध्रुवीय प्रदेशात दिसणारा हा प्रकाश भारतातून दिसणे ही दुर्मीळ घटना होय. नोव्हेंबर २००३ नंतरच्या सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळाची ती खूण होती. हानलेची वेधशाळा चालविणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था बंगळुरूमध्ये आहे. दक्षिणेतील राज्यांच्या वीजप्रवाहावर अहोरात्र देखरेख ठेवणारे दक्षिण विभागीय भारप्रेषण केंद्रही याच शहरात आहे. सूर्याकडे पाहणारे आणि वीज सांभाळणारे असे दोन्ही तज्ज्ञ एकाच शहरात असताना, सूर्यावरील स्फोटाची वार्ता वेळेत योग्य कृतीत कशी उतरेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सौर वादळाचे स्वरूप

सूर्याची सक्रियता सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते. सक्रियतेच्या काळात सौरडागांच्या परिसरात साठलेली चुंबकीय ऊर्जा अकस्मात मुक्त होते. तिचे दोन आविष्कार विद्यार्थ्यांनी वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला म्हणजे सौरज्वाला. तिचे प्रारण प्रकाशाच्या वेगाने निघून सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीपर्यंत पोहोचते आणि रेडिओ संदेशवहनात अडथळा आणते. दुसरा म्हणजे प्रभामंडलातून होणारा द्रव्यक्षेप. यात अब्जावधी टन विद्युतभारित द्रव्य आपल्या चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकले जाते. त्याला पृथ्वी गाठण्यास साधारणतः एक ते चार दिवस लागतात. वीजपुरवठ्याला खरा धोका या दुसऱ्या प्रकारापासून असतो.

इतिहासात नोंदले गेलेले सर्वांत प्रसिद्ध वादळ १८५९ चे. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर प्रखर ज्वाला पाहिली आणि अठरा तासांच्या आत वादळ पृथ्वीवर येऊन धडकले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या वेळी भूचुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही या नोंदीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असल्याने चुंबकीय नोंदींचे काम १९०४ पासून अलिबाग येथे सुरू करण्यात आले. ही परंपरा आज नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था पुढे चालवीत आहे.

वीजजालाला धोका कसा पोहोचतो?

वादळाच्या वेळी भूचुंबकीय क्षेत्र वेगाने बदलते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतदाब निर्माण होतो, हा फॅरेडे यांचा नियम येथे संपूर्ण भूभागाला लागू पडतो. जमिनीत निर्माण झालेला हा दाब उच्चदाब वाहिन्यांच्या दोन्ही टोकांच्या रोहित्रांत भूसंपर्क जोडणीतून शिरतो. परिणामी, प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेल्या रोहित्रातून जवळपास एकाच दिशेने वाहणारा मंद प्रवाह जाऊ लागतो. रोहित्राचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, ते तापते आणि वीजप्रवाहाचे तरंगरूप बिघडते. वाहिन्यांवरील विद्युतदाब घसरू लागतो व संरक्षक यंत्रणा उपकरणे आपोआप बंद करू लागते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १३ मार्च १९८९ रोजी नेमके हेच घडले. दाब सावरणारी उपकरणे एकामागून एक बंद पडली आणि सुमारे दीड मिनिटात संपूर्ण वीजजाल कोसळले. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. ऑक्टोबर २००३ च्या वादळात स्वीडनमधील माल्मो शहराचा वीजपुरवठा काही काळ खंडित झाला. मे २०२४ मध्ये मात्र जगात कोठेही वीजजाल कोसळले नाही. आगाऊ सूचना आणि त्यानुसार केलेली सज्जता यांचा त्यात वाटा होता.

दक्षिण भारताला धोका किती?

या प्रश्नाचे उत्तर अतिशयोक्ती टाळून दिले पाहिजे. भूचुंबकीय वादळांचा सर्वाधिक प्रभाव ध्रुवांलगतच्या प्रदेशांवर पडतो. बंगळुरू चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे क्वेबेकइतका धोका येथे संभवत नाही. तथापि, धोका शून्य आहे असेही म्हणता येणार नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण भूगर्भाचे. क्वेबेकप्रमाणेच बंगळुरूही प्राचीन कठीण खडकावर वसले आहे. लालबागेतील सुमारे ३०० कोटी वर्षे जुना खडक हा त्याचाच उघडा पडलेला भाग होय. असा खडक विजेचा मंदवाहक असतो. त्यामुळे जमिनीतील प्रवाहाला वाहिन्यांचा मार्ग अधिक सोपा ठरतो.

दुसरे कारण वीजजालाच्या विस्ताराचे. ३०-३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील वीजजाल कोसळले. त्यामागे सौर वादळ नव्हते, तर वाहिन्यांवरील अतिभार होता. दक्षिणेचे वीजजाल तेव्हा उर्वरित देशाशी समकालिक जोडलेले नसल्याने सुरक्षित राहिले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर-सोलापूर वाहिनीने ही जोडणी पूर्ण केली. या एकात्मतेमुळे अडचणीच्या वेळी एका विभागाला दुसऱ्याची मदत मिळते. मात्र दूरवरच्या बिघाडाचा धक्काही आता येथवर पोहोचू शकतो.

तिसरे कारण आयनांबराचे. विषुववृत्तीय पट्ट्यात वादळामुळे आयनांबर विशेष अस्थिर होते आणि उपग्रहांचे संकेत विस्कळीत होतात. वीजजालाची स्थिती क्षणोक्षणी मोजणारी आधुनिक उपकरणे अचूक वेळेसाठी याच संकेतांवर अवलंबून असतात.

पूर्वसूचनेचे दोन टप्पे

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील प्रभामंडलाचा वेध घेणारे प्रमुख उपकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने, तर सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने विकसित केली आहे. बंगळुरूच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथील वेधशाळा सूर्याच्या रेडिओ लहरींचा अभ्यास करते.

द्रव्यक्षेप निघाल्याचे एक-दोन दिवस आधी कळू शकते. पण तो किती हानिकारक ठरेल, हे त्यातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असते. हे क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तरच पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याचा तीव्र संयोग होतो, आणि ही दिशा एल१ बिंदूपाशी पोहोचल्यावरच खात्रीने मोजता येते. तेथून पुढे सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या सौर वाऱ्याला तासाभराहून किंचित अधिक, तर ८०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला सुमारे अर्धा तासच लागतो. म्हणजेच वादळ येणार हे दिवसांच्या हिशेबाने कळते. ते किती तीव्र असेल हे मात्र मिनिटांच्या हिशेबाने कळते.

पूर्वतयारीची दिशा

पूर्वतयारीही या दोन टप्प्यांना अनुसरूनच असावी लागते. पहिल्या टप्प्यात देखभालीची कामे पुढे ढकलणे, बंद असलेल्या वाहिन्या सेवेत आणणे आणि राखीव वीजनिर्मिती सज्ज ठेवणे शक्य असते. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र बैठका घेण्यास सवड नसते. वाहिन्यांवरील भार कोणी, किती आणि कोणत्या क्रमाने कमी करायचा, हे आधीच लेखी ठरलेले व सरावाने अंगवळणी पडलेले असावे लागते.

दीर्घकालीन उपायांत रोहित्रांच्या भूसंपर्क जोडणीतील प्रवाहाचे सतत मापन, संवेदनशील ठिकाणी तो रोखणारी उपकरणे आणि सुटी रोहित्रे यांचा समावेश होतो. शेकडो टन वजनाचे मोठे रोहित्र मागणी नोंदवून मिळण्यास अनेक महिने लागतात. वीजजाल कोसळलेच, तर बाहेरील विजेविना सुरू होऊ शकणारी जलविद्युत केंद्रे पुनरारंभाचा आधार ठरतात. त्यांच्या चाचण्या नियमितपणे होणे आवश्यक आहे.

बंगळुरूच्या बाबतीत पाण्याचा विचार विजेपासून वेगळा करता येत नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे ५०० मीटर उंचीवर पंपांनी चढवून या शहरात आणले जाते. वीज दीर्घकाळ गेल्यास नळ कोरडे पडतील. उंच इमारतींतील उद्वाहने थांबतील आणि मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपतील. त्यामुळे पाणी उपसा केंद्रे व रुग्णालये यांना वीज प्रथम मिळेल असा क्रम ठरविणे आणि रुग्णालयांच्या जनित्रांसाठी पुरेसा इंधनसाठा ठेवणे ही प्रशासनाची जबाबदारी ठरते. नागरिकांनी काही दिवसांचे पिण्याचे पाणी, आवश्यक औषधे, बॅटरीवर चालणारा रेडिओ व थोडी रोख रक्कम जवळ ठेवणे पुरेसे आहे. अशी तयारी पूर किंवा चक्रीवादळाच्या वेळीही उपयोगी पडते.

समारोप

५ ऑगस्ट १९०५ रोजी शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून आलेल्या विजेने बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे उजळले. तेव्हा वीज ही नवलाईची गोष्ट होती. आज पाणी, आरोग्यसेवा, दळणवळण आणि अर्थव्यवहार तिच्यावर उभे आहेत. १८५९ मध्ये कुलाब्याच्या निरीक्षकांना वादळाची केवळ नोंद करता आली. आज ते येण्यापूर्वी सुमारे अर्ध्या तासाची मुदत हाती येऊ शकते. त्या अर्ध्या तासाचा उपयोग होण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ, भारप्रेषक आणि नगर प्रशासन यांच्यातील संपर्काची साखळी आकाश शांत असतानाच बांधून ठेवावी लागेल.